वर्धा जिल्ह्यातला एकमेव पाणबुड्या

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या वर्षी ही गोष्ट मला इतक्या लोकांनी समजावून सांगितली, की तो समुद्र मीच कुठेतरी दडवून ठेवलाय असा त्यांचा समज झाला असावा. मी वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. सागरी प्रवाह, भरती-ओहोटी, किनाऱ्यांचे प्रकार, हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर निळ्या खडूनं काढत आलो होतो. प्रत्यक्ष समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. निळा खडू हाच माझा समुद्र, आणि तोही हेडमास्तर हात आखडून द्यायचे.

तर अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रेल्वेच्या बेवारस मालाचा लिलाव निघाला. वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेला आमचं घर, आणि शेजारी किसनराव राहायचे. ते निवृत्त गार्ड. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे सरकणारा मुलूख पाहिल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट होऊन गेल्यावर अगदी अचूक समजायची. ते मला लिलावाला घेऊन गेले.

"गुरुजी, उघडी पेटी घेऊ नका," ते वाटेत म्हणाले. "उघड्या पेटीत माल असते. बंद पेटीत नशीब असते."

माझ्या बायकोला, मंदाला, शिलाई मशीन हवं होतं. मी खिळे ठोकलेली एक चांगली जड पेटी निवडली. किसनरावांनी ती हलवली, तिला कान लावला आणि आत शिलाई मशीनच आहे असं जाहीर केलं. लाकडाच्या वासावरून ते परदेशी आहे, हेही त्यांनी सांगितलं.

घरी आणून पेटी उघडली आणि आम्ही तिघंही आत वाकलो. आत एक लांबट लोखंडी सिलिंडर होतं. त्याला बांधायचे पट्टे होते. एकच गोल काच असलेला रबरी चष्मा होता, बदकाच्या पायांसारखे दोन रबरी जोडे होते, शिशाचे ठोकळे ओवलेला एक कमरपट्टा होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध, गवताच्या गादीवर, जेवणाच्या वाटीएवढी एक पितळी डबी होती. तिच्या दोन्ही बाजूंनी चुण्याचुण्यांच्या काळ्या रबरी नळ्या निघून मधे एका तोंडात धरायच्या बोंडाला मिळाल्या होत्या.

"हे कुठून शिवते?" मंदानं विचारलं.

मी एका मासिकात असं चित्र पाहिलं होतं. "हे पाणबुड्याचं सामान आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पाण्याखाली जाऊन श्वास घ्यायचं."

"श्वास त वरही घेता येते. खाली कायले जायचं?"

  किसनराव म्हणाले, की पेटी उचलतानाच त्यांना शंका आली होती.

आता या सामानात असं काय होतं, हे सांगायला हवं. मंदाच्या मते काही नव्हतं, पण मंदानं ती डबी हातात घेऊन पाहिली नव्हती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुण्या परदेशी कारागिरानं बनवलेली ती वस्तू. कडेला एक नाजूक गोल पट्टी, तिच्यावर बारीक स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूची खाच एकाच दिशेला. नागपूरचा माझा एक मावसभाऊ म्हणाला, की हल्ली एका नळीचं, प्लॅस्टिकचं सामान निघतं, ते हलकं असतं. असेल. हलकं असणं हा मला कधीच गुण वाटलेला नाही. मी रोज शाळेतून आल्यावर ती डबी चिंचेनं घासायचो, नळ्या पुसायचो आणि ते बोंड तोंडात धरून आरामखुर्चीत बसायचो. उजवीकडच्या नळीतून हवा यायची, डावीकडच्या नळीतून जायची, आणि आतल्या आत एक पातळ पडदा बारीक टकटकायचा. आपण जिवंत आहोत, हे मला इतकं स्पष्ट कधीच ऐकू आलं नव्हतं. वर्गात साठ पोरं असतात, घरी रेडिओ असतो, शेजारी किसनराव असतात. अशा माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येणं ही काही साधी गोष्ट नाही.

मग ती वस्तू पाण्यात नेऊन पाहावी असं मला वाटलं, यात माझं काय चुकलं? अंगणातल्या सिमेंटच्या हौदात मी चष्मा लावून, दोन्ही नळ्या पाठीवर टाकून, श्वास रोखून बसायचा सराव सुरू केला. तिसऱ्याच दिवशी किसनरावांच्या सौभाग्यवती आमच्याकडे विरजण मागायला आल्या. हौदातून एकदम एक काचेचा डोळा आणि दोन काळ्या सोंडा वर आलेल्या पाहून त्या जागच्या जागी खाली बसल्या. त्यांना पाणी पाजलं, कांदा हुंगवला. विरजण नेण्याचं मात्र त्या विसरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी फळ्यावर हौद काढून ठेवला होता, आणि त्यात मी होतो. चित्र वाईट नव्हतं, हेच जास्त लागलं.

हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. "भूगोल शिकवा," ते म्हणाले, "करून दाखवू नका."

पण खरी अडचण हवेची होती. सिलिंडर रिकामं होतं आणि ते भरून देणारं कुणी नव्हतं. वर्ध्याच्या वेल्डिंगवाल्यानं नागपूरचा रस्ता दाखवला. नागपुरात गॅसवाल्यानं एका कचेरीचा रस्ता दाखवला. त्या कचेरीचं नाव मी सांगणार नाही, कारण मला म्हातारपणी पेन्शन घ्यायची आहे.

"सिलिंडरमध्ये काय भरायचं आहे?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"हवा."

"कोणती हवा?"

"हीच," मी म्हणालो आणि हातानं खोलीतली हवा दाखवली.

साहेबांनी त्या दिशेनं बघितलं. "आमच्याकडे वेल्डिंग आहे, दवाखाना आहे, सोडावॉटर आहे. यातलं सांगा. नुसती हवा घ्यायची परवानगी आजवर कुणी मागितली नाही."

मी पाण्याखालचा श्वास समजावून सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सामान समुद्राचं दिसतं, तेव्हा तुमच्या जिल्ह्यात समुद्र असल्याचा महसूल खात्याचा दाखला आणा, म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी हसायचा थांबलो.

वर्ध्याच्या महसुली कारकुनानं माझ्यासाठी खरोखर जुने नकाशे काढले, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. "गुरुजी, समुद्राची नोंदच नाई," तो हळहळून म्हणाला. "आता नवीन नोंद घ्या म्हणाल, त चतुःसीमा कोन दाखवन? नसल्याचा दाखला पाह्यजे असन त आत्ता देतो." दोन महिन्यांच्या खेपांनंतर सरकारकडून काहीतरी मिळतंय, या आनंदात मी तो घेतला. नागपूरच्या साहेबांनी तो वाचला, फायलीला लावला आणि समुद्रच नसल्यामुळे सिलिंडरची गरज उरत नाही, असा शेरा मारून प्रकरण बंद केलं. बाहेर आल्यावर मी झाडाखाली बराच वेळ नुसता उभा राहिलो. आपण स्वतःच्या पायांनी जाऊन, रांगेत उभं राहून, स्वतःविरुद्धचा पुरावा सरकारला नेऊन दिला, हे पचायला वेळ लागतो.

घरी आल्यावर मी ते सामान पेटीत ठेवलं आणि पेटी पलंगाखाली ढकलली. मंदानं त्या रात्री शिरा केला.

आणि मग भाद्रपदात आंजीहून माझे मेहुणे रूपराव आले. मंदाचे थोरले भाऊ. आंजी, म्हणजे आंजी मोठी, या गावी त्यांची शेती. हा माणूस एरवी दारातूनच हाका मारत येणारा. त्या दिवशी न बोलता आत आले आणि पाटावर बसले.

"कनिष्ठा विहिरीत पडली," ते म्हणाले.

मंदाच्या हातातली चाळणी खाली पडली. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे काय, हे ज्याच्या घरी बसतात त्यालाच कळतं. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. त्यांचे पितळी मुखवटे वर्षभर डब्यात असतात. भाद्रपदात ते काढायचे, लखलखीत करायचे, पत्र्याच्या कोठ्यांवर बसवायचे, शालू नेसवायचे, आणि तीन दिवस त्या दोघी घरात माहेरवाशिणी म्हणून राहतात. मंदाच्या माहेरी एक रीत होती. मुखवटे घरात घासायचे नाहीत. मागच्या मळ्यातल्या विहिरीवर न्यायचे आणि घरच्या सुनेनं, एकटीनं, कठड्यावर बसून चिंचेनं घासायचे. त्या वेळी पाहायला कुणी जायचं नाही. रूपरावांची बायको रुख्मिणीवहिनी रीतीप्रमाणे एकटी गेली, आणि चिंचेच्या बुळबुळीत हातातून कनिष्ठा निसटली.

"गळ टाकून पाह्यले," रूपराव म्हणाले. "दोन बाल्ट्या निघाल्या, एक घागर निघाली, मावशीच्या लग्नात हरवलेला गडवा निघाला. ते नाई निघत. गुळगुळीत तोंड, गळ अडकन कुठं? पोट्ट्यायनं बुड्या मारल्या, त त्यायचे कान दुखून राह्यले, तळच लागत नाई. पावसाचं पानी काठोकाठ हाय. मोटर लावावं त लाइन नाई."

"मग नवी आणा," मी म्हणालो. मंदानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच सुधारून घेतलं. "म्हणजे, काही लोक आणत असतील."

"मायनं जेवन सोडलं," रूपराव म्हणाले. "कनिष्ठा तिथं पान्यात उपाशी बसली, आन् मी इथं जेवू काय, म्हनते. आन् रुख्मिणीशी बोलत नाई. तुह्या हातात लक्ष्मी टिकत नाई, असं बोलली तिले. ते बिचारी रडून रडून अर्धी झाली. आवाहनाच्या आत मुखवटा नाई सापडला, त माहेरी निघून जातो म्हनते."  मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या त्या सामानाचं काई जमते काय?"

मी मंदाकडे पाहिलं. मंदा खाली वाकली आणि तिनं स्वतःच्या हातानं पलंगाखालून पेटी ओढली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी मला ती जितकी आवडली तितकी कधीच आवडली नव्हती.

हवेचा प्रश्न किसनरावांनी सोडवला. ट्रकच्या टायरात जाते ती हवाच असते, हे त्यांचं म्हणणं मला सरकारी व्याख्येपेक्षा सरळ वाटलं. नागपूर रोडवर श्रावणचं टायरचं दुकान होतं. त्यानं लेथवर काम करणाऱ्या ओळखीच्या खरादवाल्याकडून सिलिंडरच्या तोंडाला बसेल असा जोड करून आणला. त्याचा कंप्रेसर सिलिंडर थोडंसंच भरू शकत होता. एकदा भरलं की पाचेक मिनिटं काढता येतील, मग वर येऊन पुन्हा भरायचं. म्हणून श्रावणनं अख्खा कंप्रेसर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवला. सोबत बसायला चार जुने टायर घेतले, आणि आम्ही मिरवणुकीनं आंजीला पोचलो.

विहिरीवर सगळी आंजी लोटली होती. एक जण फुटाणेसुद्धा विकत होता. सासूबाई, देवकाबाई, विहिरीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुकलेला, पण पाठ ताठ. त्यांच्या शेजारी त्यांची जाऊ आनंदाबाई. दोघी एकाच मांडवात लग्न होऊन या घरात आलेल्या. रुख्मिणीवहिनी लांब, लिंबाखाली, पदर तोंडाशी धरून उभी होती.

"त्या बाईले सांगा," सासूबाई आनंदाबाईंना म्हणाल्या, "पाहुन्यायले च्या करून दे म्हना." वहिनी दहा पावलांवर होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

"माह्या सासूनं माह्या ओट्यात घातली होती कनिष्ठा," सासूबाई मला म्हणाल्या. "म्हने, देवका, जिवापाड जप. मी जपली. एक ओरखडा नाई पडू देल्ला. आन् हे आजकालच्या."

मी बनियन आणि अर्धी चड्डी घालून, पाठीवर सिलिंडर, कमरेला शिसं, तोंडावर एकडोळी काच आणि पायात ते रबरी जोडे असा निघालो. त्या जोड्यांनी चिखलातून चालता येत नाही. उलटं चालावं लागतं. ज्या गावचा मी जावई, त्या गावापुढे मी पाठमोरा, फटक फटक करत विहिरीपर्यंत गेलो. माझ्याच वर्गातली दोन पोरं गर्दीत दिसली आणि उद्या फळ्यावर काय असेल तेही मला दिसलं. रूपरावांनी माझ्या कमरेला दोर बांधला. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन हिसके म्हणजे वर ओढा, असं ठरलं.

मी पायऱ्यांवरून पाण्यात उतरलो आणि खाली जाऊ लागलो.

आणि ते यंत्र चाललं. हे मला आजही खरं वाटत नाही. हवेला डिझेलचा आणि जुन्या ट्यूबचा वास होता, पण ती येत होती. तो पातळ पडदा टकटकत होता, माझ्या कानामागून बुडबुडे खळाळत वर जात होते, आणि भोवती सगळीकडे हिरवा उजेड होता. मी फळ्यावर जो रंग निळा काढत होतो तो असा हिरवा असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. कान दुखले, नाक धरून फुंकर मारली, पुन्हा खाली गेलो. पायांना गाळ लागला. मी वाकलो, हातानं चाचपडलो, गाळाचा ढग उठला आणि हळूहळू खाली बसला.

माझ्यासमोर एक बाई माझ्याकडे पाहत होती.

मुखवटा शोधायलाच मी आलो होतो. तरीसुद्धा पाण्याखाली, त्या हिरव्या अंधारात, एक चेहरा उघड्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतो तेव्हा माणूस भूगोल विसरतो. मी ओरडलो. तोंडातलं बोंड सुटलं. पाणी आत गेलं. मी बोंड तोंडात कोंबलं, चेहरा छातीशी धरला आणि दोर इतक्या वेळा हिसडला, की रूपरावांच्या मते एकूण संकेत 'ठीक आहे' असाच निघत होता. तरी नशिबानं त्यांनी ओढलं.

वर आल्यावर वहिनी धावत आली. तिनं मुखवटा पदरानं पुसला आणि तिचा हात थांबला.

"हे आपली नाई," ती म्हणाली.

खरंच नव्हती. हिरवट, लहान, फार जुन्या घडणीची. कपाळावर कोरलेली चंद्रकोर. आनंदाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि ओळखत नाही असं सांगितलं. सासूबाईंनी तो हातात घेतला नाही. कुणाची तरी असेल, जुन्या काळची, असं ठरवून तो मुखवटा टायरवर ठेवला. श्रावणनं सिलिंडर भरलं. आणि मी, अजून नाकातोंडातलं पाणी सुकलं नव्हतं तरी, पुन्हा गेलो.

या वेळी मी तयार होतो. मनाशी म्हणत होतो की चेहरा दिसेल, तो पितळेचा असेल, ओरडायचं नाही. दिसला. ओरडलो नाही. वर घेऊन आलो. वहिनीनं पुसला आणि पुन्हा तिचा चेहरा पडला.

"हेही आपली नाई."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मी पायरीवर बसून चष्म्यातलं पाणी ओतत होतो. एका विहिरीत एक मुखवटा पडू शकतो. दोन कसे? आनंदाबाई पुढे झाल्या. त्यांनी तो दुसरा मुखवटा हातात घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"देवका व, हे त आपलीच कनिष्ठा हाय. आपल्या लग्नाच्या साली हिलेच त हळदकुंकू वायलं आपन. हे पाह्य, नथीचं भोक मोठं झालं होतं, सासूबाईनं रांगेचा डाग देऊन बुजवलं होतं. मी सोता पाह्यलं होतं." त्यांनी वर पाहिलं. "मंग इतकी वर्सं घरात बसते ते कोन?"

 फुटाणेवाल्याचं मापसुद्धा हवेत थांबलं. सगळी गर्दी देवकाबाईंकडे पाहत होती, आणि देवकाबाई विहिरीकडे.

"आनंदे, गप राह्य," त्या म्हणाल्या.

पण आता गप राहून उपयोग नव्हता, आणि ते त्यांनाही कळत होतं. या घरची सून विहिरीवर एकटीच जात होती. पाहायला कुणी नव्हतं. चिंच तेव्हाही बुळबुळीतच होती. हरवलेल्या मुखवट्यासारखा दुसरा कुठून आणला, कुणाच्या हातानं आणला, हे कुणी विचारलं नाही. रूपराव आपल्या आईकडे असे पाहत राहिले, जणू ती त्यांना आज पहिल्यांदाच भेटत होती. मला तर वाटलं, की मी पाण्याखालीच आहे आणि श्वासात डिझेल जास्त झालंय.

देवकाबाई उठल्या. भुकेनं त्यांचा तोल जात होता. त्या टायरपाशी गेल्या आणि त्यांनी पहिला, तो हिरवट मुखवटा उचलला. कपाळावरच्या चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"सासूबाई सांगत," त्या सावकाश म्हणाल्या, "आपल्या कनिष्ठेच्या कपायी चंद्रकोर होती. घासून घासून गेली, म्हनत." त्या थांबल्या. "घासून नाई गेली."

"बाई बाई," आनंदाबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "सासूबाईसुद्धा?"

"त्यायनं मले जलमभर बोल लावले," देवकाबाई म्हणाल्या. "हात कापला त बोल, दूध उतू गेलं त बोल. आन् सोता." त्यांचे ओठ थरथरू लागले. मी उठून पुढे झालो, मला वाटलं त्या रडणार. त्या हसत होत्या. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, सगळं अंग हलवत हसत होत्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग आनंदाबाई हसू लागल्या. मग लिंबाखालच्या बायका. पुरुषांना आपण काय करावं ते कळेना. किसनराव तेवढे मला म्हणाले, की विहिरीचा आकार पाहूनच त्यांच्या हे लक्षात आलं होतं.

तिसऱ्या खेपेला रुख्मिणीवहिनीची कनिष्ठा सापडली. ती गाळावर सगळ्यात वर, नुकतीच येऊन टेकल्यासारखी बसली होती. मी ती आणून वहिनीच्या हातात दिली, पण वहिनीनं ती नीट पाहिलीसुद्धा नाही. ती सासूकडे पाहत होती.

"इकडे ये," देवकाबाई तिला म्हणाल्या. तिलाच म्हणाल्या, मधे कुणाला न घालता. "चार दिवस झाले मी जेवली नाई. भाकर हाय काय घरात?"

वहिनीनं मळ्याच्या खोपटीतून भाकरी आणि झुणका आणला.  देवकाबाईंनी स्वतःच तुकडा मोडला. पहिला घास सुनेच्या तोंडात घातला, दुसरा आपल्या. मग दोघी विहिरीच्या कठड्याला टेकून, बाकीचं गाव समोर उभं असताना, अख्खी भाकरी संपेपर्यंत उठल्या नाहीत. माझ्या अंगावर गारठा भरला होता, तरी मला तिथून हलावंसं वाटलं नाही.

त्या वर्षी आंजीला आमच्या सासरी ज्येष्ठा एक आणि कनिष्ठा तीन बसल्या. एकीला बसवून दोघींना डब्यात ठेवायचं देवकाबाईंना पटेना. इतकी वर्षं पाण्यात होत्या, उपाशी होत्या, आता घरात आल्या तर जेवतील, असं त्यांचं म्हणणं. कोठ्या कमी पडल्या तेव्हा श्रावणनं बसायला आणलेले टायर एकावर एक रचून दिले, आणि त्यावर शालू नेसवल्यावर कुणाला फरक कळला नाही. पुरण तिप्पट शिजलं. आनंदाबाई जो येईल त्याला एकेका कनिष्ठेची ओळख करून देत होत्या, आणि गावातली प्रत्येक सासू त्या खोलीतून जरा घाईनंच बाहेर पडत होती. मला वाटतं, पुढच्या काही दिवसांत आंजीतल्या बऱ्याच विहिरींकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहू लागले असतील.

तिसऱ्या दिवशी निरोप झाला, मुखवटे डब्यात गेले. रूपराव बैल जुंपत होते. मी ओसरीवर सामान आवरत होतो. डबी पुसून, नळ्या गुंडाळून ठेवत होतो, तोच देवकाबाई विडा घेऊन आल्या. त्यांनी तो माझ्या हातात दिला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं. मग माझ्याजवळ बसून त्या पितळी डबीवरून, मुखवट्यावरून फिरवावा तसा, अंगठा फिरवला.

"जवाईबापू, खाली आनखी काही नाई दिसलं काय?"

"नाही मामी. तीनच होत्या. तिन्ही कनिष्ठा आणल्या."

"हाव. कनिष्ठा आल्या," त्या म्हणाल्या. त्यांची नजर माझ्यावरून निघून आतल्या खोलीकडे गेली, जिथे ज्येष्ठेचा मुखवटा नुकताच डब्यात ठेवला होता, आणि तिथून पुन्हा डबीवर आली. "ज्येष्ठा नाई दिसली?"

माझ्या हातातला विडा तसाच राहिला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं, फक्त वाट पाहणं होतं.

"म्हंजे गाळात असन," त्या उठत म्हणाल्या. "पुढल्या साली जरा लवकर येजा, बापू. आन् हे सामान घेऊन येजा."